थायरॉइडचा रिपोर्ट सुई टोचायच्या आधीच बिघडतो

कोल्हापूरच्या राजारामपुरीत सकाळी सात-साडेसातला कुठल्याही लॅबच्या पायरीशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "थायरॉइडला उपाशी लागतंय काय?" काउंटरवरून ठरलेलं उत्तर मिळतं, "नाही लागत." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. रक्त किती वाजता काढलं, त्या दिवशीची गोळी आधीच घेतली होती का, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत केसांसाठी म्हणून पोटात काय काय गेलं, हे तीन प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मशीनच्या चुकीपेक्षा याच गोष्टींनी रिपोर्ट जास्त वेळा हलतो. म्हणून आकडे वाचायचं नंतर बघू, आधी रक्त द्यायला जायचं कसं ते.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, आणि तो दिवसभर एकसारखा राहत नाही. रात्री साधारण दोन ते चारच्या सुमारास तो सगळ्यात वर असतो, सकाळपासून उतरायला लागतो आणि दुपारी तळाला जातो. नाष्टा केल्यावरही थोडा उतरतो. त्यामुळे सकाळी सातला उपाशीपोटी ५.२ आलेला टीएसएच त्याच माणसाचा, त्याच दिवशी, दुपारच्या जेवणानंतर ४ च्या आत दिसू शकतो. एका कागदावर आकडा हद्दीबाहेर म्हणून ठळक छापलेला, दुसऱ्यावर साधा, आणि दोन्ही रिपोर्ट खरे! मिसळ खाऊन गेलात तरी तपासणी वाया जात नाही, पण मागचा रिपोर्ट उपाशीपोटी सकाळी सातचा असेल आणि आजचा दुपारी बाराचा, तर दोन आकडे शेजारी ठेवून "वाढला" किंवा "कमी झाला" म्हणता येत नाही. वेळ एक ठरवावी आणि दरवेळी तीच पाळावी, सकाळी सात ते नऊमधली. सोबत साखर किंवा कोलेस्टेरॉल तपासायचं असेल, तर उपाशी जाणंच सोयीचं.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी सुटल्यावर थेट लॅब गाठू नये. झोप टीएसएचला थोडं दाबून धरते. रात्रभर जागलं की तो दाब सुटतो आणि सकाळचा आकडा उगाच वर येतो. दिवसपाळीच्या आठवड्यात रक्त दिलेलं बरं.

आता गोळी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. ती घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातला फ्री टी४ (थायरॉइडचा मोकळा हार्मोन) शिखरावर जातो, कधी कधी वीस टक्क्यांपर्यंत वाढतो. टीएसएच एवढ्या वेळात हलत नाही. फक्त टीएसएच बघायचा असेल तर गोळी घेतल्याने आकाश कोसळत नाही, पण फ्री टी४ सोबत असेल तर कागदावर तो फुगलेला दिसतो आणि डोस कमी करायचा मोह होतो. गोळी खिशात घेऊन जावी, बोटाने कापूस दाबून बाहेर आलं की पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहाच्या गाड्याकडे बघू नये.

चहाचं एवढं का? थायरॉइडच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन हे आतड्यात शोषलं जाताना फार नाजूक औषध आहे. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतलं तर सत्तर-ऐंशी टक्के शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध, सोयाबीन किंवा मेथी-कोंड्यासारख्या चोथ्याबरोबर घेतलं तर बराच भाग तसाच पुढे जातो. कॅल्शियम आणि लोह तर त्याला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्यायच्या. ॲसिडिटीची रोजची गोळीही शोषण कमी करते. डोस नीट असूनही टीएसएच दर वेळी ९-१० येणाऱ्या रुग्णाला पहिला प्रश्न डोसबद्दल विचारू नये, गोळी कशाबरोबर घेता ते विचारावं. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं: गोळी तोंडात, मागोमाग चहाचा कप. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, मात्र जेवण होऊन तीन तास झालेले हवेत.

बाटलीकडेही एकदा बघून घ्या. शंभर-सव्वाशे बारीक गोळ्यांची ती छोटी बाटली ओल, उष्णता आणि उजेड यांना भिते. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे ही गोळी गॅसशेजारच्या फळीवर झाकण अर्धवट लावून ठेवली तर तिचा जोर कमी होतो. आतली सिलिकाची पुडी फेकायची नाही. महिनाभराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या खणांच्या डबीत ओतून ठेवायच्या नाहीत. कंपनीही वारंवार बदलू नये. एकच ५० मायक्रोग्रॅम दोन कंपन्यांच्या गोळीतून अंगी लागताना थोडाफार फरक पडू शकतो. दुकानदाराने दुसरी दिलीच, तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघावा.

बायोटिनचं प्रकरण

या विषयात सगळ्यात जास्त घोळ घालणारी आणि सगळ्यात कमी विचारली जाणारी गोष्ट म्हणजे बायोटिन, केसांच्या गोळ्यांतलं एक व्हिटॅमिन. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला सांगतात, आणि केस गळतात म्हणूनच माणूस आधीपासून बायोटिन घेत असतो. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. केसांच्या गोळीत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पट. शरीराला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो मशीनला.

अनेक हार्मोन तपासण्यांत स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन आणि बायोटिन यांची घट्ट जोडी वापरतात. तपासणीतल्या प्रतिपिंडाला बायोटिनची शेपटी लावलेली असते आणि ती शेपटी स्ट्रेप्टाव्हिडिनच्या कणांना चिकटते. जे चिकटतं त्याची चमक मोजायची, बाकीचं धुऊन टाकायचं, अशी ही रीत. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर तेच सगळ्या जागा अडवून बसतं आणि मोजायचा माल धुऊन जातो. टीएसएचच्या पद्धतीत कमी चमक म्हणजे कमी टीएसएच, म्हणून तो खोटा खाली येतो. फ्री टी४ आणि टी३ यांच्या पद्धतीत उलटं असतं, कमी चमक म्हणजे जास्त हार्मोन. परिणामी निरोगी बाईच्या कागदावर टीएसएच ०.०५, फ्री टी४ वर, टी३ वर, म्हणजे हुबेहूब ग्रेव्ह्ज आजाराचं (ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते त्याचं) चित्र उमटतं. ग्रेव्ह्जची खात्री करायला जी टीएसएच रिसेप्टर प्रतिपिंडाची तपासणी करतात, तीही याच रीतीने खोटी वर येऊ शकते. छाती धडधडत नाही, वजन उतरलेलं नाही, हात थरथरत नाही आणि रिपोर्ट मात्र ओरडतोय, अशा वेळी गोळी सुरू करण्याआधी केसांच्या गोळीबद्दल विचारलंच पाहिजे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचा खास उल्लेख होता. त्यानंतर काही कंपन्यांनी आपली रसायनं सुधारली, पण तुमच्या लॅबमध्ये कुठली पिढी चालू आहे ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. सोपा उपाय असा की बायोटिन असलेलं सगळं तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर तीन दिवस किंवा जास्त. आणि "सगळं" म्हणजे केवळ केसांची गोळी नव्हे. हातापायांच्या मुंग्यांसाठी देतात त्या बी१२ च्या कित्येक कॅप्सूलमध्ये बायोटिन घातलेलं असतं, चघळायच्या गोड गोळ्यांमध्ये असतं, ताकदीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं. पाकिटाच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचायची, वाचता येत नसतील तर पाकीटच लॅबमध्ये न्यायचं.

कागद समोर ठेवून

साधी थायरॉइड प्रोफाइल म्हणजे टी३, टी४, टीएसएच. समजा पस्तिशीतल्या एका बाईंचा कागद असा आहे: टी३ १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, टी४ ७.९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, टीएसएच ६.८ मायक्रोआययू प्रति मिलिलिटर. उजवीकडच्या रकान्यात टीएसएचची हद्द ०.२७ ते ४.२ छापलेली, खाली बारीक अक्षरांत "पद्धत: ईसीएलआयए", म्हणजे चमक मोजून आकडा काढायची एक रीत. काही लॅब मिलीआययू प्रति लिटर असं एकक लिहितात, त्याने आकडा बदलत नाही. दुसऱ्या मशीनवर हद्द ०.३५ ते ४.९४ असू शकते. म्हणूनच एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या हद्दीत बसवू नये.

या कागदात टी३ आणि टी४ छान हद्दीत आहेत, टीएसएच तेवढा वर. पुष्कळांचा प्रश्न असतो की दोन बरोबर आणि एक चूक, मग बहुमत कुणाचं? बहुमत नसतं. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही, तो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. ऊसतोड टोळीच्या मुकादमासारखं तिचं काम: तोड मंदावली की मुकादमाचा आवाज चढतो, आणि फडात बाहेरून काही फरक दिसायच्या आधीच चढतो. फ्री टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच शंभर पटीपर्यंत वाढू शकतो, इतका हा इशारा तिखट आहे. तेव्हा टी४ "नॉर्मल" असूनही टीएसएच ६.८ म्हणजे ग्रंथी काम पुरं करतेय, पण तिला ओरडून घ्यावं लागतंय. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात.

यावर लगेच गोळी सुरू करायची का? बहुतेक वेळा नाही. आधी दोन ते तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा, या वेळी फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) यांच्यासह. मधल्या काळात अंगातला ताप, नुकतंच उलटून गेलेलं आजारपण, झोपेचं खोबरं, यांनी वाढलेला टीएसएच पुष्कळदा आपसूक खाली येतो. पुन्हा १० च्या वर गेला तर साधारणपणे उपचार सुरू करतात. ४ ते १० च्या पट्ट्यात डॉक्टर इतर गोष्टी बघतात: मूल हवंय का, अँटी-टीपीओ सापडलंय का, गळ्यात गाठ आहे का, कोलेस्टेरॉल किती आहे, त्रास खरंच थायरॉइडचा वाटतोय का. वयाचाही विचार हवा. पंचाहत्तरीच्या आजोबांचा टीएसएच ६ असणं हा आजार नसून बऱ्याचदा वयाचा भाग असतो. त्यांना तरुणांच्या हद्दीत आणायला गोळी दिली की हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं हे खरे धोके मागे लागतात.

अँटी-टीपीओ एकदा जास्त निघालं की ते प्रकरण मिटलं. ग्रंथीवर शरीराचीच सेना चाल करून जातेय, एवढं ते सांगतं. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. आकडा ३०० आहे की ९०० याने उपचार बदलत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तेच पुन्हा तपासून पैसे घालवण्यात अर्थ नाही. हे मात्र अनेक पॅकेजमध्ये दरवेळी ठोकलेलं असतं.

टोटल आणि फ्री यांतला फरकही इथेच समजून घेऊ. रक्तातला जवळजवळ सगळा टी४ प्रथिनांना बांधलेला असतो, मोकळा असतो तो अगदी थोडा, आणि काम तोच करतो. गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांनी ती प्रथिनं वाढतात, मग टोटल टी४ १५ दिसतो आणि घरात घबराट उडते. मोकळा तेवढाच असतो. अशा बायकांनी फ्री टी४ करून घ्यावा. हायपोमध्ये, म्हणजे थायरॉइड मंद असताना, टी३ ला तसं फारसं काम नाही. तो शेवटपर्यंत हद्दीत राहतो आणि खोटा दिलासा देतो. टी३ चा खरा उपयोग होतो तो टीएसएच खाली गेलेला असताना.

डोस सुरू केला किंवा बदलला की पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. तीन आठवड्यांनी घाई करून काही मिळत नाही. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य सात दिवसांच्या आसपास, त्यामुळे रक्तात पातळी स्थिरावायला पाच आठवडे लागतात आणि पिट्युटरी त्यामागून येते. अपुऱ्या वेळेत तपासलं की टीएसएच अजून वरच दिसतो, डोस आणखी वाढवला जातो, आणि तीन महिन्यांनी टीएसएच ०.१ घेऊन छाती धडधडत माणूस परत येतो.

एक कागद मात्र अनुभवी नजर लांबूनच ओळखते: फ्री टी४ भरपूर आणि टीएसएच २०-२५. दोघांचं जमत नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की महिनाभर गोळ्या चुकल्या आणि तपासणी जवळ आली म्हणून शेवटचे पाच-सहा दिवस इमानदारीने घेतल्या. टी४ लगेच भरतो, टीएसएचला मागचं सगळं आठवतं. रागावून उपयोग नाही, पण डॉक्टरांना खरं सांगितलं नाही तर डोस विनाकारण वाढतो.

खाली गेलेला टीएसएच

टीएसएच ०.१ च्या खाली आणि गोळी चालू असेल तर बहुधा डोस जास्त आहे. गोळी चालू नसेल आणि बायोटिनही नसेल, तर ग्रंथी स्वतः जास्त बनवतेय की सूज येऊन साठवलेला माल सांडतोय हे ठरवावं लागतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात हा दुसरा प्रकार बराच दिसतो: आधी काही आठवडे टीएसएच खाली, मग काही महिने वर, आणि अनेकींचं वर्षभरात ताळ्यावर. त्या पहिल्या टप्प्यात कार्बिमाझोल (हार्मोन बनणं रोखणारं औषध) देऊन उपयोग होत नाही, कारण नवीन हार्मोन तयार होतच नसतो. ग्रेव्ह्ज की सूज, हे टीएसएच रिसेप्टर प्रतिपिंड किंवा टेक्निशियम स्कॅनने कळतं. आणि कार्बिमाझोल सुरू केल्यावर पहिले काही महिने टीएसएचकडे बघायचं नाही, तो दबलेलाच राहतो. फ्री टी४ आणि टी३ वर चालायचं.

टी४ कमी आणि टीएसएच मात्र "नॉर्मल" हा कागद क्वचित येतो, पण तो दुर्लक्षित राहू नये. इथे दोष पिट्युटरीत असतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, वर्षानुवर्षं थकवा, अशी कहाणी असेल तर शीहान सिंड्रोम (त्या रक्तस्रावाने पिट्युटरीला झालेली इजा) मनात यायला हवा. फक्त टीएसएच तपासणाऱ्या स्वस्त पॅकेजमध्ये हे पकडलं जात नाही. आणि अशा बाईला थायरॉइडची गोळी देण्याआधी कॉर्टिसोल बघावं लागतं. ते कमी असताना आधी थायरॉइड दिलं तर जिवावर बेतू शकतं.

गरोदरपणाबद्दल थोडक्यात पण महत्त्वाचं. गोळी आधीपासून चालू असलेल्या बाईने चाचणी पॉझिटिव्ह आल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करावा, पुढच्या भेटीची वाट बघू नये. गरज सुरुवातीलाच पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते. टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा असतो आणि गरोदरपणाचे निम्मे महिने होईपर्यंत दर चार आठवड्यांनी बघायचा असतो. आशाताईंकडून मिळणारी लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम यांची थायरॉइडच्या गोळीशी गाठ पडू द्यायची नाही: सकाळी सहाला थायरॉइड, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, रात्री झोपताना लोह. गोळी घेत नसलेल्या बाईचा पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच ०.२ आला तर तो बहुतेक वेळा गरोदरपणाच्याच हार्मोनचा परिणाम असतो. बाळाची टाचेतून रक्त घेऊन तपासणी मात्र पहिल्या चोवीस तासांत करू नये. जन्मतःच टीएसएच उसळलेला असतो. ४८ तास उलटल्यावर करावी आणि चुकवू नये.

व्हिटॅमिनचे आकडे

थकवा, केस गळणं, अंग दुखणं, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा. ही यादी थायरॉइडची आहे, बी१२ ची आहे आणि लोहाचीही आहे. म्हणून टीएसएच २ वर आला तरी त्रास जात नाही, तेव्हा डोस वाढवण्याआधी हे तीन-चार आकडे बघायचे.

बी१२ ची हद्द साधारण २०० ते ९०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. २०० च्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० हा धूसर पट्टा. त्या पट्ट्यात रक्तातला आकडा पेशींची खरी अवस्था सांगत नाही. बी१२ कमी पडलं की रक्तात साचणारं मिथाइलमलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन वर असेल तर कमतरता खरी. होमोसिस्टीनची एक गंमत आहे: नळीत रक्त तसंच पडून राहिलं की लाल पेशी ते बाहेर सोडत राहतात आणि आकडा फुगतो. ती नळी बर्फात ठेवून तासाभरात सेंट्रिफ्यूज व्हायला हवी. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा अजून चार घरं फिरणार असेल तर ही तपासणी घरून देऊ नये, लॅबमध्येच जावं. टीएसएचची तशी भीती नाही. पिवळ्या टोपणाच्या जेलच्या नळीत रक्त अर्धा तास गोठू दिलं, फिरवून सीरम वेगळं केलं आणि थंड ठेवलं की पुण्या-मुंबईपर्यंत ते बिनघोर जातं.

कोल्हापुरात बी१२ कमी निघालं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "आमच्यात तर दर रविवारी मटण असतंय!" शंभर ग्रॅम मटणात अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास बी१२ असतं, म्हणजे साधारण एका दिवसाची गरज. तांबडा-पांढरा कितीही ओरपला तरी रस्स्यापेक्षा फोडींत जास्त. पण खाणारा माणूस कमी पडतो तो ताटामुळे नाही, पोटामुळे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोजची गोळी, किंवा जठराच्या अस्तरावरच हल्ला करणारा परनिशियस ॲनिमिया. हा शेवटचा हाशिमोतोच्या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून अँटी-टीपीओ वर असलेल्याचा बी१२ एकदा तरी बघावा. श्रावण पाळल्याने बी१२ उतरत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. शाकाहारी घरांत मात्र दूध-दह्यावरच भिस्त: शंभर मिलिलिटर दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचा म्हशीच्या दुधाचा एक पेला रोज घेतला तरी तेवढ्याने भागत नाही, दही-ताक धरून दिवसाला अर्धा लिटर तरी लागतं.

बी१२ चं इंजेक्शन किंवा गोळी सुरू झाल्यावर तपासलं तर आकडा १५००-२००० येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. तपासणी आधी, सुई नंतर. फॉलिक ॲसिड एकटं घेत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं, तेही लक्षात असू द्या.

व्हिटॅमिन डी साठी तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करायची. १,२५ नावाची दुसरी, महाग तपासणी मूत्रपिंडाच्या आणि कॅल्शियमच्या विशेष आजारांसाठी असते, आणि कमतरता असतानाही ती नॉर्मल येऊ शकते. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं, ३० च्या वर पुरेसं, अशी सर्वसाधारण वाटणी. एकक नॅनोमोल प्रति लिटर असेल तर अडीचने भागायचं. ५० वाचून खूश होण्याआधी एकक बघा, ते नॅनोमोल असेल तर तुमचे २० आहेत. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, ही नेहमीची रीत. ती जेवणाबरोबर किंवा दुधातून घ्यावी, कारण तिला चरबी लागते. सकाळच्या थायरॉइडच्या गोळीबरोबर ते दूध नको, हे सांगायला नकोच. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली जाते, हा घोटाळा अगदी खरा आहे. मग १५० च्या वरचा आकडा, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि वाढलेलं कॅल्शियम. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, रविवार तर रविवार. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी, पुढची पुडी घेण्याआधी. डी भरून काढल्याने थायरॉइडची गोळी सुटते असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ते घ्यायचं असतं.

फेरिटिन ३० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपत आलाय, हिमोग्लोबिन १२ असलं तरी. थायरॉइड मंद असलेल्या बायकांना पाळीत रक्त जास्त जातं, लोह घटतं, आणि थायरॉइड हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ या एन्झाइमलाच लोह लागतं. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वर येतं, तेव्हा तापातून उठल्यावर दोन-तीन आठवडे थांबावं. बायोटिन इथेही लुडबुड करतं: फेरिटिन खोटं खाली, बी१२ आणि डी खोटे वर.

पॅकेज घेताना तपासण्या मोजू नयेत. पहिल्यांदा बघायचं असेल तर टीएसएच, फ्री टी४, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी१२ आणि डी पुरे. गोळी चालू आणि सगळं स्थिर असेल तर वर्षातून एक-दोनदा नुसता टीएसएच. रिव्हर्स टी३ आणि सेलेनियम नेहमीच्या रुग्णाला लागत नाहीत. लघवीतलं आयोडीन ही गावाची किंवा तालुक्याची पाहणी करायची तपासणी आहे, एका माणसाच्या एका नमुन्यावरून काही ठरत नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ बंद डब्यात असेल तर ती गरज तिथेच भागते. मात्र सैंधव किंवा खड्या मिठावर घर चालत असेल तर पाकिटावर आयोडीन लिहिलंय का ते बघावं. हाशिमोतो असलेल्यांनी आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, त्याने ग्रंथी आणखी मंदावू शकते.